कावळ्याला कबूल केलेल्या गोष्टी

नाशिकहून आले म्हटलं की आमच्या गल्लीत पहिला प्रश्न येतो, "द्राक्षं आणलीस का?" आणली. दोन पेट्या. त्यातली निम्मी बसमध्ये शेजारच्या बाईच्या बोचक्याखाली चेंगरली आणि उरलेली वाटून टाकली. मग दुसरा प्रश्न येतो, "काय काय बघितलंस?" त्याला मात्र एका वाक्यात उत्तर देता येत नाही. रामकुंड बघितलं, ब्रह्मगिरी निम्मा चढले, गोदावरी उगमापाशीही बघितली आणि भरल्या पात्राचीही बघितली. पण मी गेले होते ते एका कावळ्यासाठी, आणि हे सांगितलं की लोक माझ्याकडे जरा निरखून बघायला लागतात. म्हणून आता सगळं लिहूनच काढते, म्हणजे पुन्हा पुन्हा सांगायला नको.

माझी थोरली बहीण शांता, आमची ताई, नाशिक जिल्ह्यातल्या सायखेड्याला दिलेली. आम्ही कागलकडच्या. एवढ्या लांब पोरगी दिली म्हणून आमच्या आईनं वडिलांशी बरेच दिवस अबोला धरला होता. ताई गेल्या वर्षी थंडीत गेली, झोपेतच. त्याच आठवड्यात माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे मला तिकडे जाता आलं नाही. यंदा वर्षश्राद्धाच्या आधी दाजींचा, म्हणजे ताईच्या नवऱ्याचा, फोन आला.

"सुमन, चार दिस आधीच ये. तुझ्याशी काम हाय."

"काय काम?"

"फोनवर सांगायसारखं नाय."

उभा जन्म शाळेत पोरांच्या चौकशा करण्यात गेलेल्या बाईला असं सांगितल्यावर ती घरी बसेल का? मी त्याच दिवशी तिकीट काढलं.

द्वारका आणि जिलबी

सकाळी बसनं मला नाशिकच्या द्वारका चौकात उतरवलं. नाव ऐकून मला उगीचच काहीतरी पवित्र दिसेल असं वाटत होतं. दिसले ते चारी बाजूंनी अंगावर येणारे ट्रक, आणि त्यांच्या मधून वाट काढत माझ्याकडे येणारा संदीप, ताईचा मुलगा. त्यानं वाकून नमस्कार केला, बॅग घेतली आणि पहिलं वाक्य बोलला ते मिसळीबद्दल.

नाशिकची मिसळ मी पहिल्यांदा खाल्ली. आमच्याकडे मिसळीबरोबर पाव येतो आणि घाम येतो, बाकी काही येत नाही. इथे ताटात मिसळ, तिच्या शेजारी पापड, वाटीत दही, आणि कडेला चक्क जिलबी. मी संदीपला म्हटलं, "हे मिसळीचं ताट हाय का मुंजीचं?" तो म्हणाला, "मावशी, तिखट लागलं तर जिलबी असू द्या." मी हसले. कोल्हापूर जिल्ह्यातल्या बाईला तिखटाचं सांगतोस व्हय! मग तो काळा रस्सा एकदम घशाला लागला, मला असा ठसका लागला की शेजारच्या टेबलावरच्या माणसानं पाणी आणून दिलं. दोन्ही ताटांतल्या जिलब्या मी खाल्ल्या. संदीप शहाणा, त्यानं तिसरी मागवली.

सायखेड्याच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी द्राक्षबागा लागतात. बऱ्याच बागांत घडांना कागद गुंडाळलेला होता, उन्हानं रंग बिघडू नये म्हणून. घडाघडाला टोपडं घातलेलं बघून मला फार गंमत वाटली. आमच्या उसाचे असे लाड कुणी केल्याचं मला आठवत नाही.

सायखेडा

घर नदीपासून जवळ. गाडीतून उतरले आणि अंगणात जागच्या जागी थांबले. पडवीत पितळी कड्यांचा भला मोठा नवा कोरा झोपाळा. त्याच्या मागे घरघंटी, म्हणजे घरच्या घरी दळायची छोटी गिरणी, तीही नवी, वरचं प्लास्टिक न काढलेली. कुंपणाला लागून मोगऱ्याची एवढी रोपं की देवळाला फुलं पुरवावीत. मी संदीपला विचारलं, "काय, घरात लग्नबिग्न हाय?" त्यानं नुसती मान हलवली आणि बॅग घेऊन आत गेला.

उलगडा केला वैशालीनं, संदीपच्या बायकोनं; दाजींना ती तात्या म्हणते. चहा माझ्या हातात देत ती हळूच म्हणाली, "मावशी, आता तुम्हीच समजवा तात्यांना. रोज सकाळी भिंतीवर कावळ्याला भाकरी ठेवतात अन् त्याला काहीतरी कबूल करतात. झोपाळा तसाच आला. घरघंटी तशीच आली. कपाटात येवल्याची पैठणी आहे, घडी मोडायची नाही म्हणतात. परवा तर विमान कबूल केलं."

"इमान?"

"ओझरच्या विमानतळावरून येतात ना वरून, आई मान वर करून बघत राहायच्या. त्यावरून."

तेवढ्यात दाजी शेतातून आले. उंच, वाळके, डोक्यावर पांढरी टोपी, आणि आवाज असा की पलीकडच्या बांधावरच्या माणसाला हाक मारण्यासाठीच दिलेला. आमचं नातं थट्टेचं. ते आल्या आल्या म्हणाले, "आली का म्हातारी!" मी म्हटलं, "तुमच्यापेक्षा धाकटी हाय मी." ताई असती तर आमच्या या भांडणात तिनं माझी बाजू घेतली असती. ती नव्हती म्हणून भांडण तिथेच संपलं.

जेवण झाल्यावर त्यांनी काम सांगितलं. ताईच्या दहाव्याला घाटावर पिंड ठेवला आणि कावळा काही शिवेना. सगळ्यांना ठाऊक आहेच, गेलेल्या माणसाची काही इच्छा राहिली असली की कावळा शिवत नाही, आणि मग नातेवाईक अंदाजानं एकेक गोष्ट कबूल करत जातात. ऊन डोक्यावर आलं तरी कावळे लांबच्या बाभळीवर बसून राहिले. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि विधी उरकला.

"विधी उरकला," दाजी म्हणाले, "पण माझं काय? एवढा संसार केला अन् बायकोला काय पाह्यजे व्हतं तेच मला ठाव नाय. वरीस झालं, रोज इचार करतो. झोपाळा व्हता का तिच्या मनात? का आणखी काय? आता वर्षश्राद्धाला पुन्हा त्याच घाटावर, त्याच जागी, तेच प्रवचनाचे महाराज बोलावलेत. समदं तव्हासारखंच. येक डाव पुन्हा इचारायचं. तू तिची पाठची. सांग, काय राहिलं व्हतं तिचं?"

हे होतं काम. मी म्हटलं, "आठवून सांगतो." आमच्याकडे बायकाही 'सांगतो' म्हणतात, वैशालीला त्याचं भारी हसू येतं. पण भांडी पुसताना, मोगऱ्याला पाणी घालताना, मी खरोखरच आठवत राहिले. दर रविवारी आमचा फोन व्हायचा. ताई काय बोलायची? तूर किती झाली, पाऊस कसा, दाजी घोरतात कसे. घोरण्याची नक्कल तर फोनवर अशी करायची की मी हसून हसून फोन खाली ठेवायची. एकदा लहानपणी तिला लाल रिबीन हवी होती, आणि ती मिळाली होती. त्यानंतर तिला काही हवं होतं असं मला आठवेना. बहीण असून मला हे माहीत नसावं याची लाज वाटली, म्हणून मी दाजींना काही बोलले नाही.

त्र्यंबक

दुसऱ्या दिवशी दाजींनी त्र्यंबकची टूम काढली. "टीव्हीवर ब्रह्मगिरी लागला तव्हा तिनं बोट दाखवलं व्हतं. तिला चढायचा आसंल. आपुन तिच्या नावानं चढू."

"माझ्या गुडघ्याचं काय?"

"नवा हाय ना तो? मंग वापर की."

त्र्यंबकेश्वराच्या रांगेत आम्ही तासन्‌तास उभे राहिलो, पण त्या रांगेची हकीकत सगळ्यांनाच ठाऊक आहे. खरी मजा डोंगरावर आली. आम्ही गंगाद्वारापर्यंतच जायचं ठरवलं. पायऱ्या मी मोजल्या नाहीत, गुडघ्यानं मोजल्या. अर्ध्या वाटेवर कठड्यावर माकडं बसलेली. दाजी म्हणाले, "त्यांच्याकडं बघू नको, नीट चाल." मी शिक्षिका, माकडांना भिणारी नव्हे. मी एकाकडे डोळे वटारून बघितलं. त्यानं शांतपणे खाली येऊन माझ्या हातातली पिशवी घेतली, कठड्यावर बसून त्यातलं दशम्यांचं पुडकं सोडलं, आणि लोणचं तेवढं मला परत फेकलं.

पायऱ्यांच्या कडेला काकड्या विकणारी एक बाई हे सगळं बघून पदरात तोंड घालून हसत होती. जवळच्याच डोंगरपाड्यातली. तिनं आम्हाला आपल्या शेजारी बसवलं आणि फडक्यातली नागलीची भाकरी अर्धी मोडून दिली. काळसर, गोडसर, वर मिरचीचा ठेचा. आमच्याकडे नाचणीची आंबील होते, पण अशी चुलीवरची जाड भाकरी मी प्रथमच खाल्ली. दाजींनी पहिला घास घेतला आणि म्हणाले, "शांताला ही लय आवडायची. पण ठेच्यात लसूण जास्ती लागायचा तिला. अन् भाकरीचा पापुद्रा आधी खायची, मंग बाकीची."

"चाय पित होती का?" त्या बाईनं विचारलं.

"प्यायची तर! बशीत. पहिला घोट टाकून द्यायची, लय कढत म्हणून. हिवाळ्यात डाव्या कुशीवर झोपायची, उजवा खांदा दुखायचा म्हणून. कुणावर रागावली की भांडी घासायची, घासलेलीच पुन्हा घासायची. मंग म्या वळखायचो अन् बाहेर निघून जायचो."

ती बाई हसली. मी हसले नाही. मी दाजींकडे बघत होते. हा माणूस वर्षभर म्हणत होता की त्याला बायको ठाऊक नव्हती! मला त्यांचा इतका राग आला आणि इतकी मायाही वाटली की मी उठून पुढच्या पायऱ्या चढायला लागले.

गंगाद्वाराशी गोदावरी म्हणजे दगडातून येणारी करंगळीएवढी धार. दाजींनी ओंजळ भरून तोंडावर मारली. "आपल्या दारावरनं जाती ती हीच व्हय?" असं म्हणून पोरासारखे हसले. येताना आम्ही रामकुंडावर थांबलो. ताईच्या अस्थी इथेच सोडलेल्या. कुणी मुंडण करत होतं, कुणी तिथेच लेकराला आंघोळ घालत होतं, लेकरू बोंबलत होतं, पलीकडे एक जोडपं नवस फेडत होतं. एकाच पाण्यात सगळं चाललेलं, आणि कुणाचं कुणाला अडत नव्हतं. मला तिथे रडू येईल असं वाटलं होतं. उलट बरं वाटलं. मी पाण्यात पाय सोडून बसले आणि दाजींनी भेळ आणली.

घाटावर

वर्षश्राद्धाच्या सकाळी घाटावर गेलो तेव्हा अर्धं गाव जमलं होतं. इथे थांबून आमच्याकडची रीत सांगते. आमच्याकडे तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन, तिथेच कावळ्याला नैवेद्य, लोक हळू आवाजात बोलतात, कावळा शिवला की घरी जातात. नाशिककडे दहाव्याला आणि वर्षश्राद्धाला प्रवचन असतं. मांडव, खुर्च्या, ताईचा हार घातलेला मोठा फोटो, माइक, आणि भोंगा. भोंगे दोन होते, पिंपळाला उंच बांधलेले, आणि पिंपळाच्या बरोबर खाली ओट्यावर पिंड आणि नैवेद्याचं पान. मी भोंग्याच्या जवळच बसले होते. थोड्या वेळानं कानात पदराचं टोक घालून बसले.

महाराज बोलायला फार गोड. माणूस कशाला जन्माला येतो, काय घेऊन जातो, मागे काय ठेवतो, असं चाललेलं. पण ते हळू बोलले तरी भोंगा ओरडायचा, आणि ते विठ्ठलाचं नाव घ्यायला लागले की नदीवरचे बगळे उठायचे. कावळे होते. नदीपलीकडच्या बाभळीवर ओळीनं बसलेले. एकही इकडे येईना.

दाजी ओट्याशेजारी हात जोडून उभे. चेहरा असा की बघवेना. भोंग्यावर प्रवचन चालूच, आणि इकडे अंदाज सुरू झाले. संदीप पुढे होऊन म्हणाला, "आई, तात्यांची तब्येत सांभाळीन." कावळे हलले नाहीत. वैशालीनं तुळशीवृंदावन नवं बांधायचं कबूल केलं. मागून एका म्हाताऱ्यानं हाळी दिली, "शांताबाई, नातवाचं लगीन थाटात करू!" नातू, म्हणजे संदीपचा मुलगा, अजून तिसरीत आहे, तो लाजून मांडवामागे पळाला. दाजींनी झोपाळ्याची आठवण करून दिली, मग घरघंटीची, मग पैठणीची. एकेक नाव घेताना त्यांचा तो बांधावरचा आवाज बारीक होत गेला. शेवटी ते माझ्याकडे वळले.

"सुमन, तू सांग ना आता. बोल काहीतरी तिला."

माझ्याकडे काही नव्हतं. मी उभी राहिले, तोंड उघडलं, आणि त्याच क्षणी वीज गेली.

भोंगा अर्ध्या शब्दावर बंद पडला. एकदम एवढी शांतता झाली की पाणवेलींना घासत जाणारं पाणी ऐकू आलं. महाराजही थांबले. आणि बाभळीवरून एक कावळा उठला, नदी ओलांडून सरळ आला, ओट्यावर उतरला, दोन उड्या मारल्या आणि पिंडाला चोच लावली. त्याच्यामागे दुसरा. मग तिसऱ्यानं वडाच पळवला.

"शिवला! शिवला!" गर्दीत गलका झाला. "सुमनबाईंनी नुसतं तोंड उघडलं अन् शिवला!" लोक माझ्याकडे भक्तिभावानं बघायला लागले. दाजी मात्र बघत होते वर, पिंपळाकडे. त्यांनी मांडववाल्याला हाक मारली.

"बापू, मागल्या साली भोंगा कुठं बांधला व्हता रं?"

"हितंच की तात्या," बापू अभिमानानं म्हणाला. "शांतामावशीच्या दहाव्याला म्या सोता चढलो व्हतो. आवाज पार चांदोरीच्या शिवारात जातो."

"अन् तव्हा लाइट गेली व्हती का?"

"नाय तात्या. येक मिनिट नाय गेली."

दाजी पायरीवर बसले. मग म्हणाले, "भोंग्याला भ्याले व्हते गं ते."

मी त्यांच्याजवळ बसले.

"म्हंजी तिचं काय राहिलं नव्हतं?"

"चार दिवस शोधतोय दाजी," मी म्हटलं. "लहानपणापासनं सगळं धुंडाळलं. एक लाल रिबीन सोडून मला काय सापडंना."

"मंग सांगितलं का नाय?"

"तुमी मानलं असतं?"

त्यांनी टोपी काढली, तिनं डोळे पुसले, आणि मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. ते हसत होते. रडतही होते, पण हसणं जास्त होतं. "येक वरीस!" ते म्हणाले. "येक वरीस घरघंट्या घेत सुटलो मी!" मीही हसत सुटले, वैशाली, संदीप, आणि मग सगळा घाट. माझी ताई गेली तेव्हा तिचं काही म्हणजे काही राहिलेलं नव्हतं. हे कळल्यावर मला जो आनंद झाला तो कसा सांगू? तिच्या शेवटाला जाता आलं नाही याचं वर्षभर छातीवर असलेलं ओझं माझंही तिथेच उतरलं.

महाराजांनाही मानलं पाहिजे. ते पोट धरून हसले आणि म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं मीच हाकलतोय की काय त्यांना!" वीज आली तेव्हा त्यांनी बापूला भोंगा लावू दिला नाही. राहिलेलं प्रवचन त्यांनी साध्या आवाजात केलं. लोक खुर्च्या उचलून पुढे सरकले, आणि पहिल्यांदाच मला ते काय सांगतायत ते नीट कळलं.

घरी जेवायला खापरावरचे मांडे होते, रुमालाएवढे मोठे, आत पुरण. दाजींनी दोन खाल्ले. वर्षभरात असं जेवले नव्हते, असं वैशाली म्हणाली. जेवण झाल्यावर त्यांनी पैठणी काढून तिच्या हातात दिली आणि घडी मोडायला सांगितली. घरघंटीचं प्लास्टिक संदीपनं फाडलं.

"अन् इमानाचं काय?" मी विचारलं.

"ते कबूल केलंय," दाजी गंभीरपणे म्हणाले. "मीच बसतो आता. कोल्हापूरला येतो तुझ्याकडं. तुमची मिसळ खायला."

"जिलबी मिळायची नाही," मी सांगून ठेवलं.

परतीच्या सकाळी

निघायच्या दिवशी मी पडवीत बॅग भरत होते. दाजी नेहमीसारखी भाकरी घेऊन भिंतीपाशी गेले. तुकडे ठेवले, टोपी सारखी केली आणि हात जोडून उभे राहिले. ओठ हलले. कावळा आला, खाऊ लागला. ते परत आले आणि त्या नव्या झोपाळ्यावर बसले. घरी आणल्यापासून पहिल्यांदाच कुणीतरी त्यावर बसत होतं. कड्या कुरकुरल्या.

आतून वैशालीनं काळजीनं विचारलं, "तात्या, आज काय कबूल केलं?"

"काय नाय," दाजी झोका घेत म्हणाले. "नुसतं खा म्हणलो."